भूचुंबकीय व ज्योतिषशास्त्रीय पत्रव्यवहार, एकोणिसाव्या शतकातील

भूचुंबकीय क्षेत्र आणि खस्थ ज्योती यांचे वेध घेणाऱ्या निरीक्षकांनी एकोणिसाव्या शतकात परस्परांना पाठविलेली पत्रे, निरीक्षणांचे तक्ते, उपकरणांविषयीच्या सूचना आणि छापील खंड यांचा समावेश या पत्रव्यवहारात होतो. पृथ्वीचे चुंबकत्व एका ठिकाणी बसून उलगडत नाही. टांगलेली चुंबकसूची दिवसाच्या काही तासांत किंचित पूर्वेस व पुन्हा पश्चिमेस सरकते, वर्षानुवर्षे तिची सरासरी दिशाही बदलत जाते आणि एखाद्या दिवशी ती अकस्मात अस्वस्थ होऊन तासन्‌तास थरथरत राहते. हा फरक उपकरणाच्या दोषामुळे झाला, जवळपासच्या लोखंडामुळे झाला की साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी झाला, हे ठरविण्यास त्याच क्षणी अन्यत्र घेतलेले वाचन हाताशी असावे लागते. त्यामुळे या शास्त्रात पत्र हा निरीक्षणाचाच एक भाग ठरला. महाराष्ट्राचा या पत्रव्यवहाराशी संबंध मुख्यत्वे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेमुळे आला. तेथील आकडे त्या काळी जगभर गेले आणि त्यांतील काहींचा खरा अर्थ दीडशे वर्षांनंतर लागला.

पार्श्वभूमी : जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आलेक्सांडर फोन हंबोल्ट यांनी १८२० च्या दशकाच्या अखेरीस निरनिराळ्या शहरांत एकाच वेळी चुंबकीय वाचने घेण्याचे प्रयत्न सुरू केले. १८२९ मधील रशियाच्या प्रवासानंतर त्या साम्राज्यातही अशी केंद्रे निघाली. गणिती कार्ल फ्रीड्रिख गौस आणि भौतिकीविज्ञ व्हिल्हेल्म व्हेबर यांनी गटिंगेन येथे या कामाला शिस्त आणली. ठरलेल्या दिवशी सर्व सभासद वेधशाळांनी गटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे चोवीस तास, दर पाच मिनिटांनी सूचीचे स्थान वाचावयाचे व तक्ते गटिंगेनला पाठवावयाचे, असा त्यांच्या ‘चुंबकीय संघा’चा नियम होता. त्या तक्त्यांवरून काढलेले आलेख एकाखाली एक मांडले असता शेकडो किमी. अंतरावरील सूची जवळजवळ एकाच मिनिटाला हललेल्या दिसत. एरवी रुक्ष वाटणाऱ्या या कामाकडे तरुण निरीक्षक मोठ्या संख्येने ओढले गेले, याचे एक कारण हे दृश्य असावे.

ब्रिटनकडे जगभर पसरलेली ठाणी व आरमार होते. हे जाणून हंबोल्ट यांनी एप्रिल १८३६ मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्ष ड्यूक ऑफ ससेक्स यांना एक विस्तृत पत्र लिहिले आणि ब्रिटिश वसाहतींत कायम चुंबकीय वेधशाळा उभारण्याची विनंती केली. तोफखान्यातील अधिकारी एडवर्ड सॅबिन, डब्लिनचे प्राध्यापक हंफ्री लॉइड आणि केप ऑफ गुड होपहून १८३८ मध्ये परतलेले ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांनी या मागणीचा पाठपुरावा केला. १८३९ मध्ये ब्रिटिश सरकारने ती मान्य केली. जेम्स क्लार्क रॉस यांची दोन जहाजे दक्षिण ध्रुवप्रदेशाकडे निघाली, तसेच टोराँटो, सेंट हेलीना, केप आणि टास्मानिया येथे वेधशाळा निघाल्या. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या खर्चाने सिमला, मद्रास, सिंगापूर व मुंबई येथे असेच काम करण्याचे मान्य केले. त्रावणकोर संस्थानात त्रिवेंद्रमची वेधशाळा १८३७ मध्येच स्थापन झाली होती व तीही पुढे या कार्यात सामील झाली. कंपनीचा उदारपणा निव्वळ ज्ञानासाठी होता असे मानण्याचे कारण नाही. जहाजांची सुरक्षितता होकायंत्रावर अवलंबून होती आणि सूचीचा दिक्पात (खऱ्या उत्तर दिशेपासूनचे विचलन) कोठे किती व तो कसा बदलतो, हे कळणे तिच्या व्यापाराच्या हिताचे होते.

कुलाबा वेधशाळा : ही वेधशाळा १८२६ मध्ये बांधण्यात आली, ती ज्योतिषशास्त्रीय वेध आणि बंदरातील जहाजांच्या घड्याळांसाठी अचूक वेळ मिळावी म्हणून. पहिली काही वर्षे फारशी फलदायी झाली नाहीत. चुंबकीय व वातावरणविज्ञानीय निरीक्षणे १८४१ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील गणित व ज्योतिषशास्त्र यांचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली सुरू झाली. त्यांच्या गैरहजेरीत काही काळ हे काम बाँबे टाइम्सचे संपादक जॉर्ज बुइस्ट यांनी सांभाळले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर हे एल्फिन्स्टन संस्थेत साहाय्यक प्राध्यापक होते व त्यांनीही कुलाबा वेधशाळेचे संचालक म्हणून काही काळ काम पाहिले. १८४० मध्ये त्यांनी काढलेल्या दिग्दर्शन मासिकातून शास्त्रीय विषय मराठी वाचकांपुढे येऊ लागले. मुंबईहून लंडनला आकडे जात होते, त्याच सुमारास आकडे गोळा करण्यामागचे शास्त्र मराठीत उतरविण्याचा हा प्रयत्न चालू होता.

प्रत्यक्ष वाचने घेण्याचे काम साहाय्यकांकडे असे. त्यांत ऑर्लिबार यांचे विद्यार्थी केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे हे होते. कुलाबा जिल्ह्यातील नागाव या गावचे केरूनाना सोळा-सतराव्या वर्षी दरमहा ५० रुपयांवर वेधशाळेत लागले आणि सु. दहा वर्षे तेथे राहिले. पुढे ते पुण्यास गणित व सृष्टिशास्त्र यांचे प्राध्यापक झाले. त्यांच्या ग्रहसाधनाची कोष्टके (१८६०) या ग्रंथात यूरोपीय ज्योतिषग्रंथांतील मूलमाने मराठी पंचांगकर्त्यांच्या उपयोगासाठी मांडलेली आहेत. सायन पंचांगाच्या वादात आणि लोकमान्य टिळकांच्या गणितप्रेमात केरूनानांचा वाटा सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यांच्या शिस्तीचा पाया कुलाब्याच्या रात्रपाळीत घातला गेला, याकडे सहसा लक्ष जात नाही.

ती रात्रपाळी कशी असे, हे समजून घेण्यासारखे आहे. चुंबकपट्टी रेशमी धाग्यांनी टांगलेली असून तिच्यावर लहान आरसा बसविलेला असे. काही अंतरावरील दूरदर्शकातून पाहिले असता आरशात एका मोजपट्टीचे प्रतिबिंब दिसे. पट्टी किंचित वळली, तरी प्रतिबिंबातील अंक बदलत. दिक्पातासाठी एक पट्टी, क्षैतिज तीव्रतेसाठी दोन धाग्यांवर ताणून टांगलेली दुसरी आणि ऊर्ध्व तीव्रतेसाठी तराजूप्रमाणे पात्यावर तोललेली तिसरी, अशी तीन उपकरणे असत. कुलाब्याची उपकरणे डब्लिनच्या टॉमस ग्रब यांनी बनविलेली होती. निरीक्षकाजवळ किल्ली, चाकू किंवा लोखंडी खिळ्यांचे जोडे असता कामा नयेत. दर तासाला, दिवसा व रात्री, पावसाळ्यातही, वाचन चुकवावयाचे नाही. ठरावीक ‘संज्ञादिनी’ तर काही मिनिटांच्या अंतराने चोवीस तास वाचावे लागे. गटिंगेन व मुंबई यांच्या रेखांशांतील फरक सु. ६३ अंश असल्यामुळे गटिंगेनला मध्यरात्रीचे बारा वाजत, तेव्हा मुंबईच्या स्थानिक घड्याळात चार वाजून सु. अकरा मिनिटे झालेली असत. कुलाब्याच्या साहाय्यकाला आपली पहाट जर्मनीतल्या एका लहान विद्यापीठनगरीच्या घड्याळावर मोजावी लागे.

पत्रांतील मजकूर : आज या पत्रव्यवहाराची कल्पना करताना थोर शास्त्रज्ञांनी एकमेकांना कळविलेले मोठे विचार डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात बहुतेक मजकूर अगदी साध्या गोष्टींविषयीचा असे. मोजपट्टीचा एक भाग म्हणजे किती तीव्रता, तपमान एका अंशाने वाढल्यास चुंबकाची शक्ती किती घटते, धागा बदलला त्या दिवशी शून्यस्थान किती सरकले, घड्याळ किती मागे होते, या गोष्टी कळल्याशिवाय तक्त्यातील अंक निरर्थक ठरत. एका वेधशाळेतील ‘४०’ आणि दुसरीतील ‘४०’ यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसे. तो संबंध जोडणारे गुणक पत्रांतून व खंडांच्या प्रस्तावनांतून कळविले जात. लंडनजवळच्या वुलिच येथे सॅबिन यांनी आकडेमोडीसाठी स्वतंत्र कचेरीच ठेवली होती व वसाहतींतील तक्ते तेथे पोचत. मुंबईची निरीक्षणे मुंबईतच छापली जात आणि खंडरूपाने इतर वेधशाळांकडे रवाना होत.

या देवाणघेवाणीची गती टपालाइतकीच होती. केपला वळसा घालून येणाऱ्या पत्राला चार ते सहा महिने लागत. सुएझमार्गे आगबोटींचे टपाल नियमित झाल्यावर हा काळ सु. दीड महिन्यावर आला. उपकरणाविषयी एक शंका विचारावी आणि उत्तर हाती येईपर्यंत तीन महिने त्याच संशयित उपकरणावर वाचने घेत राहावीत, असा प्रसंग येणे अपरिहार्य होते. मुंबई व लंडन समुद्री तारेने जोडली गेली ती १८७० मध्ये.

हा व्यवहार समानांमधला नव्हता, हेही नोंदविले पाहिजे. आकडे वसाहतींतून निघत आणि निष्कर्ष बहुधा लंडनहून येत. सॅबिन यांनी १८५२ मध्ये चुंबकीय विक्षोभांची वारंवारता सौर डागांच्या सु. अकरा वर्षांच्या चक्राबरोबर कमीजास्त होते, असे जाहीर केले, ते टोराँटो व टास्मानिया येथील तक्त्यांवरून. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये व्होल्फ व गोत्ये यांनीही स्वतंत्रपणे हाच संबंध दाखविला. सौर डागांचे चक्र जर्मनीतील डेसाऊ येथील हौशी ज्योतिर्विद श्वाबे यांनी अनेक वर्षांच्या चिकाटीने शोधले होते, पण त्याकडे फारसे कोणी पाहिले नव्हते. हंबोल्ट यांनी आपल्या कॉसमॉस या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात श्वाबे यांचा तक्ता दिला. त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर सॅबिन यांच्या पत्नी एलिझाबेथ करीत होत्या. सूर्य आणि होकायंत्र यांचा संबंध जुळण्यास एका भाषांतराचाही हातभार लागला, असे म्हणता येईल.

पहिला उत्साह ओसरताच बरीच केंद्रे बंद पडली. सिमला व सिंगापूर येथील काम १८४० च्या दशकातच थांबले. कुलाब्याचे चालू राहिले. ऑर्लिबार यांच्यानंतर ते भारतीय नौदलातील अधिकाऱ्यांकडे आले. त्रिवेंद्रमला १८५२ ते १८६५ या काळात जॉन ॲलन ब्राउन यांनी असेच चिकाटीचे काम केले. स्कॉटलंडमधील आपल्या पूर्वीच्या निरीक्षणांशी व इतर वेधशाळांच्या तक्त्यांशी तुलना करून त्यांनी क्षैतिज तीव्रतेची दैनिक सरासरी सर्व पृथ्वीवर बरोबरीने घटते व वाढते, हे दाखविले. पत्रांची आणि तक्त्यांची अदलाबदल नसती, तर हा शोध तर्कानेही लागला नसता.

१८५९ चे वादळ : १ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी ११ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे सौर डागांचे रेखाटन करीत असताना त्यांना डागांच्या एका समूहावर पांढरा प्रखर प्रकाश काही मिनिटे चमकलेला दिसला. रिचर्ड हॉजसन यांनीही तो स्वतंत्रपणे पाहिला. त्या वेळी मुंबईत दुपारचे चार वाजून गेले होते. सु. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ सुरू झाले. यूरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली आणि उष्ण कटिबंधाजवळच्या प्रदेशांतही ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेत इलायस लूमिस यांनी ठिकठिकाणच्या लोकांकडून या प्रकाशाची वर्णने मागवून ती क्रमाने प्रसिद्ध केली. क्यू वेधशाळेत छायाचित्रणाने आपोआप नोंद होत असे, पण सूची इतकी हलली की प्रकाशबिंदू कागदाबाहेर गेला. क्यूचे बॅल्फोर स्ट्यूअर्ट यांनी १८६१ मध्ये या वादळाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो अशाच खंडित आलेखांवरून.

मुंबईत ती २ सप्टेंबरची सकाळ होती. ध्रुवीय प्रकाश दिसण्याचा प्रश्नच नव्हता. वेधशाळा त्या वेळी लेफ्टनंट ई. एफ. टी. फर्ग्युसन यांच्याकडे होती. कुलाब्यात छायाचित्रणाची सोय नसल्यामुळे वाचने डोळ्यांनीच घेतली जात. नेहमीचा नियम तासाला एका वाचनाचा होता, मात्र सूची अस्वस्थ झाल्यास पंधरा व पाच मिनिटांच्या अंतराने वाचावे, अशी प्रथा होती. साहाय्यकांनी ती पाळली. क्षैतिज तीव्रता दुपारपूर्वी झपाट्याने कोसळली व काही वेळातच बरीचशी सावरली. हा सर्व उतार-चढाव त्यांनी अंकांत टिपला आणि तो नेहमीप्रमाणे त्या वर्षाच्या खंडात छापला गेला. प्रगत उपकरणाचा कागद जेथे अपुरा पडला, तेथे जुन्या पद्धतीच्या उपकरणाजवळ बसलेल्या माणसांनी नोंद राखली.

चार्ल्स चेंबर्स हे क्यू वेधशाळेतील तरुण कर्मचारी १८६० च्या दशकाच्या मध्यास कुलाब्याचे प्रमुख झाले आणि १८९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. १८६३ मध्येच त्यांनी सूर्य हा थेट एक मोठा चुंबक म्हणून पृथ्वीवरील दैनिक चलन घडवीत असेल का, याची गणिताने तपासणी केली होती आणि ते शक्य नाही असे दाखविले होते. कुलाब्याहून रॉयल सोसायटीकडे त्यांनी पाठविलेले निबंध तिच्या मुखपत्रात प्रसिद्ध झाले व १८६८ मध्ये ते सोसायटीचे सदस्य निवडले गेले. आता मुंबईहून केवळ आकडे जात नव्हते, त्यांचा अर्थही जात होता. १८७० नंतर कुलाब्यातही छायाचित्रणाने नोंद होऊ लागली. ४ फेब्रुवारी १८७२ च्या मोठ्या वादळात तर मुंबईत ध्रुवीय प्रकाश दिसल्याचे वृत्तपत्रांत नमूद झाले. इतक्या कमी अक्षांशावर ही घटना अत्यंत विरळ होय.

सौर डाग आणि दुष्काळ : १८७६–७८ मधील महादुष्काळाने या काहीशा दूरस्थ विषयाला एकाएकी तातडीचे स्वरूप आले. अहमदनगर, पुणे, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांपासून कर्नाटक व मद्रासपर्यंत पिके बुडाली. या दुष्काळात ५० लाखांहून अधिक माणसे दगावली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. सौर डाग कमी असलेल्या वर्षांत पाऊस कमी पडतो काय आणि तसे असल्यास दुष्काळाचे भाकीत आधी करता येईल काय, हा प्रश्न विल्यम हंटर आणि ज्योतिर्विद नॉर्मन लॉक्यर यांनी १८७७ मध्ये मद्रासच्या पर्जन्यमानाच्या आधारे मांडला. त्याआधी मॉरिशसच्या चार्ल्स मेल्ड्रम यांनी चक्रीवादळे व सौर डाग यांचा संबंध सुचविला होता. चार्ल्स चेंबर्स यांचे बंधू फ्रेडरिक हे मुंबई इलाख्याचे वातावरणविज्ञानीय अधिकारी होते. त्यांनी मुंबई, मॉरिशस, बटेव्हिया यांसारख्या दूरच्या केंद्रांतील वायुदाबाचे तक्ते एकत्र करून सौर डाग, दाब, पाऊस व दुष्काळ यांची साखळी जुळविण्याचा प्रयत्न केला. नेचर या साप्ताहिकात या विषयावरील पत्रे व टिपणे १८८० च्या दशकापर्यंत येत राहिली.

ही साखळी टिकली नाही. भारत सरकारचे वातावरणविज्ञानीय प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी सौर डागांपेक्षा हिमालयातील बर्फाच्या विस्तारावर भर दिला. पुढील काळातही सौर डागांच्या संख्येवरून पावसाचे विश्वसनीय भाकीत करता आले नाही. मात्र दूरदूरच्या ठिकाणांचा वायुदाब एकमेकांशी निगडित असतो, ही फ्रेडरिक चेंबर्स यांच्या तक्त्यांतून दिसणारी गोष्ट खरी होती व विसाव्या शतकात गिल्बर्ट वॉकर यांच्या संशोधनातून ती प्रस्थापित झाली. या वादाला आणखी एक बाजू होती. दुष्काळ सूर्यावरून येतो असे म्हटले की धान्याची निर्यात, सारा आणि मदतकार्यावरील तुटपुंजी मजुरी यांविषयीचे प्रश्न मागे पडत. पत्रे लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांचा हेतू तो होता असे म्हणता येणार नाही, परंतु परिणाम काही अंशी तसा झाला. याच नगर जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतील हिवरे बाजार या गावात अलीकडच्या काळात पडलेला पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून कोणती पिके घ्यावयाची हे ठरते. मोजणी व निर्णय यांचे असे नाते १८७७ मध्ये कोणाच्या पत्रात आढळत नाही.

ग्रहणे : सूर्याच्या अभ्यासाची दुसरी वाट खग्रास ग्रहणांची होती आणि दक्षिण भारत तिच्या ऐन मार्गावर आला. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात सर जॉन हर्शेल यांचे त्याच नावाचे पुत्र लेफ्टनंट हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात वर्णपटदर्शक लावून सौर ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा पाहिल्या. गुंटूर येथे फ्रेंच ज्योतिर्विद झांसेन यांनाही त्या दिसल्या, इतकेच नव्हे तर ग्रहणाविनाही त्या पाहता येतात हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी १९ सप्टेंबरला लिहिलेले पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर २६ ऑक्टोबरला आले. त्याच बैठकीत लॉक्यर यांनी इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे लावलेल्या त्याच शोधाचे वृत्तही पोचले. फ्रेंच सरकारने दोघांच्या प्रतिमा असलेले पदक काढले. श्रेयाचा वाद टपालाच्या योगायोगाने मिटल्याचे हे दुर्मिळ उदाहरण होय. लॉक्यर यांनी हीलियम वायूचा वेध त्या वर्षी विजयदुर्गावरून घेतला, अशी समजूत महाराष्ट्रात रूढ आहे. ती बरोबर नाही. लॉक्यर विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी.

या दुसऱ्या ग्रहणाच्या वेळी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेच्या तुकडीबरोबरच पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचीही तुकडी होती. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी दिलेल्या ५,००० रुपयांच्या देणगीतून व सरकारी मदतीतून नायगमवाला यांनी पुण्यात १८८८ मध्ये वेधशाळा उभारली. तिचा २० इंची परावर्ती दूरदर्शक ग्रब यांच्याच कारखान्यातील असून तो त्या काळी भारतातील सर्वांत मोठा होता. योजनेविषयी नायगमवाला यांनी लॉक्यर यांचा सल्ला घेतला होता. लॉक्यर यांच्या मते तेजोमेघांच्या वर्णपटातील मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमची होती व तशी असल्यास ती एका बाजूस पसरट दिसावयास हवी होती. नायगमवाला यांनी मृगातील तेजोमेघाचे वेध घेतले आणि रेषा सर्व परिस्थितींत रेखीवच दिसते, असे १८९१ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला कळविले. हे आपल्या मार्गदर्शकाच्या उपपत्तीविरुद्ध जाणारे निवेदन होते. ही रेषा आयनीभूत ऑक्सिजनची असल्याचे १९२० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झाले. पुण्याची वेधशाळा मात्र १९१२ मध्ये बंद होऊन तिची उपकरणे कोडईकानलला गेली.

अलिबाग : चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर १८९६ मध्ये नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांचा जन्म १८५९ च्या वादळानंतर दोनच महिन्यांनी झाला होता. त्यांच्या कारकीर्दीच्या प्रारंभीच मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले. रुळांतून जमिनीत शिरणाऱ्या प्रवाहांमुळे सूक्ष्म चुंबकीय वाचने निरुपयोगी झाली असती. वेधशाळा हलविण्यासाठी मुंबईपासून सु. ३० किमी. दक्षिण-आग्नेयेस असलेले अलिबाग निवडण्यात आले. तेथील इमारतीसाठी पोरबंदरचा अचुंबकीय दगड वापरला व बांधकामात कोठेही लोखंड येऊ दिले नाही. मूस यांचा खरा शहाणपणा स्थलांतराच्या पद्धतीत दिसतो. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेऊन त्यांनी दोहोंतील फरक ठरविला व मगच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबविले. त्यामुळे १८४१ पासूनची मालिका तुटली नाही. विजेवरील ट्राम १९०७ मध्ये धावू लागली. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या निरीक्षणांची छाननी करून त्यांनी १९१० मध्ये दोन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. अनेक वादळांची सरासरी काढली असता क्षैतिज तीव्रता प्रथम किंचित वाढते, नंतर खूप घटते आणि मग सावकाश पूर्वपदावर येते, हे त्यांच्या विवेचनातून स्पष्ट झाले. १९७१ मध्ये स्वायत्त संस्था म्हणून स्थापन झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे हा वारसा आला असून अलिबागची वेधशाळा अद्याप कार्यरत आहे.

कुलाब्याच्या १८५९ च्या तक्त्याचे सविस्तर विश्लेषण २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखीना, सोबाना अलेक्स इत्यादींनी प्रसिद्ध केले. क्षैतिज तीव्रता सु. १,६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे मूळ मूल्याच्या सु. चार टक्क्यांनी घटली होती, असे त्यांना आढळले. मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वीजपुरवठा बंद पाडणाऱ्या वादळाचा निर्देशांक −५८९ नॅनोटेस्ला होता, यावरून १८५९ च्या वादळाचे आकारमान लक्षात येईल. उपग्रह, विजेची जाळी व दूरसंदेशवहन यांना असे वादळ किती हानी पोचवू शकेल, याचे अंदाज आज बांधले जातात, तेव्हा मुंबईचा हा तक्ता विचारात घ्यावाच लागतो. आकड्याविषयी मतभेद आहेत. आधुनिक निर्देशांक तासाच्या सरासरीवर आधारलेला असतो आणि तशी सरासरी काढल्यास १८५९ चे मूल्य −८५० ते −१,०५० नॅनोटेस्लांच्या दरम्यान येते, असे काही संशोधकांनी दाखविले. पुढील संशोधनात मूळ छापील खंडातील दिक्पात व ऊर्ध्व तीव्रता यांचे स्तंभही तपासण्यात आले. हा सर्व वाद करता येतो, कारण त्या सकाळी कुलाब्यात दोन तासांच्या ठोक्यांमध्येही वाचने घेतली गेली होती. ती घेणाऱ्या साहाय्यकांची नावे लंडन वा गटिंगेनशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या इतिहासात सहसा आढळत नाहीत. त्यांच्या हातचे अंक मात्र त्या खंडात वेळेसह क्रमाने छापलेले आहेत.